डिस्ने वर्ल्डची सहल : काय ठरवून जावे आणि काय मोकळे सोडावे

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा निघालेले कुटुंब नियोजनाच्या ओझ्याखाली दबून जाते, आणि त्याला ती जागाच बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. १९७१ साली सुरू झालेले हे ठिकाण साधारण शंभर चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे, म्हणजे जवळपास बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाएवढे. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार स्वतंत्र पार्क आहेत, दोन वॉटर पार्क आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या बस, बोटी, मोनोरेल व केबल कार आहेत. उपाहारगृहांचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, रांग टाळण्याचे पास काही दिवस आधी मिळतात आणि तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. इतक्या तारखा समोर आल्या की माणूस एक्सेल शीट उघडून बसतो आणि सकाळी आठपासून रात्री दहापर्यंतचा प्रत्येक अर्धा तास भरून टाकतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत यात आणखी एक गोष्ट मिसळते. आई-बाबा किंवा सासू-सासरे काही महिन्यांसाठी आलेले असतात, ते पुन्हा कधी येतील हे सांगता येत नाही, आणि खर्च तर एवढा असतो की काही पाहायचे राहिले तर पैसे वाया गेल्यासारखे वाटते. ही भावना मला पूर्णपणे समजते. तरीही तीन पिढ्यांना घेऊन तिथे फिरल्यावर माझे मत असे झाले आहे, की ज्या गोष्टी नंतर मिळणारच नाहीत तेवढ्याच आधी पक्क्या कराव्यात, रोजच्या दिवसात दोनच वेळा ठरलेल्या असाव्यात आणि बाकीचा दिवस त्या दिवशीच्या हवेवर, भुकेवर आणि गुडघ्यांवर सोडावा. ते कसे करायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. आधी माणसांची यादी करा, राइडची नंतर

बरोबर कोण येणार आहे, कोणाचे वय किती, कोण किती चालू शकते आणि मुलांची उंची किती, हे प्रथम लिहून काढा. या पार्कमध्ये दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालणे सहज होते. गावी रोज फिरायला जाणाऱ्या आजोबांनाही ते जड जाते, कारण हे चालणे उन्हात, गर्दीत आणि थांबत-थांबत होते. ज्यांना एरवी काठीही लागत नाही, अशा ज्येष्ठांसाठीही व्हीलचेअर भाड्याने घेण्याचा विचार करा. हा विषय घरीच, निघण्याच्या आधी आणि मोकळेपणाने बोलून घ्यावा. पार्कच्या दारात तो काढला तर आई-बाबा संकोचाने ‘नको’ म्हणतात आणि दुपारी सगळ्यांनाच त्रास होतो.

मुलांची उंची घरी मोजून घ्या. ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’साठी ९७ सेंटिमीटर, ‘स्पेस माउंटन’ आणि ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’साठी ११२ सेंटिमीटर, तर ‘ट्रॉन’साठी १२२ सेंटिमीटर उंची लागते. तिथले कर्मचारी अर्ध्या सेंटिमीटरचीही सूट देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मूल लहान असेल तर ‘रायडर स्विच’ ही सोय माहीत असू द्या : एक पालक राइडवर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता त्याची पाळी येते. त्यासाठी दोघांनीही राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते.

मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : ‘तुला कोणती एक गोष्ट पाहिल्याशिवाय परत यायचे नाही?’ सहा माणसांच्या सहा इच्छा होतील. तुमच्या नियोजनाचा गाभा एवढाच आहे. आजीची इच्छा अनेकदा रोषणाई आणि आतषबाजी पाहण्याची असते, कोणाला हत्ती-जिराफ पाहायचे असतात, आणि किशोरवयीन मुलांना सगळ्यांत वेगवान राइड हवी असते. इंटरनेटवरच्या चाळीस-पन्नास गोष्टींच्या याद्या या सहा ओळींनंतर वाचल्या तर त्यांचा धाक राहत नाही.

२. आधी पक्क्या कराव्या लागतात त्या गोष्टी

पहिली गोष्ट तारखा. नाताळ ते नववर्षाचा आठवडा, थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधल्या वसंताच्या सुट्ट्या यांत गर्दी अतिशय असते. भारतातून मे-जूनच्या सुट्टीत येणाऱ्यांनी ऊन आणि दुपारचा गडगडाटी पाऊस गृहीत धरावा. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर हवा बरीच सुसह्य असते, मात्र त्या काळात एक अडचण आहे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत ठरावीक संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये हॅलोवीनचे किंवा नाताळचे स्वतंत्र तिकिटाचे कार्यक्रम असतात. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी लवकर बाहेर पडावे लागते आणि नेहमीची आतषबाजी पाहता येत नाही. आजीची आतषबाजी ज्या दिवशी ठरवाल, त्या दिवशी असा कार्यक्रम नाही ना, एवढे अधिकृत ॲपवर पाहून घ्या.

दुसरी गोष्ट तिकिटे. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे तिकीट वेगळे असते आणि दहाव्या वर्षापासून प्रौढांचा दर लागतो. एकाच दिवशी एकाहून अधिक पार्कमध्ये जाऊ देणारे ‘पार्क हॉपर’ तिकीट पहिल्या सहलीसाठी, विशेषतः ज्येष्ठ बरोबर असताना, घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका पार्कमधून दुसऱ्यात जायला, बसची वाट आणि सुरक्षा तपासणी धरून, तासभर सहज जातो. शिवाय ते तिकीट हातात असले की ते वसूल करण्यासाठी दुपारची विश्रांती बळी पडते.

तिसरी गोष्ट मुक्काम. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी पार्कमध्ये प्रवेश मिळतो आणि बसची सोय असते. बाहेरच्या हॉटेलांत स्वयंपाकघर असलेली खोली स्वस्तात मिळते, आणि वरण-भात हवाच असणाऱ्या कुटुंबाला तीच जास्त उपयोगी पडते. दोन्ही पर्याय चांगले आहेत. एकदा ठरवल्यावर पुन्हा तुलना करत बसू नका. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंत नेणारी मोफत बस २०२२ च्या सुरुवातीपासून बंद झाली आहे, म्हणून टॅक्सी, खासगी बस किंवा भाड्याची गाडी यांचा खर्च धरून ठेवा.

चौथी गोष्ट, टेबलावर बसून करायचे एखादे जेवण. संपूर्ण सहलीत असे एक किंवा फार तर दोन पुरेत. आरक्षण मोडता येते, पण न कळवता गेलाच नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापले जातात.

या चार गोष्टी झाल्या की शीट बंद करा आणि पास घेण्याच्या दिवसापर्यंत उघडू नका.

सावध राहा : व्हॉट्सॲपवर फिरणारी आणि नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली बरीच माहिती जुनी असते. रांग टाळण्याची ‘फास्टपास’ ही मोफत सोय आता नाही. त्यानंतर २०२१ मध्ये आलेली ‘जीनी प्लस’ही जुलै २०२४ मध्ये संपली. उपाहारगृहांच्या आरक्षणासाठी १८० दिवस आधी बसायची गरज नाही, आणि तारखेच्या तिकिटासाठी पार्कचे वेगळे आरक्षण करण्याची अट जानेवारी २०२४ पासून उठली आहे. जुन्या नियमांसाठी केलेली नवी योजना हा सगळ्यांत वाया जाणारा वेळ होय.

३. रोज दोनच वेळा ठरवा

एका दिवसाला एक पार्क, सकाळची एक ठरलेली गोष्ट आणि संध्याकाळची एक ठरलेली गोष्ट, एवढेच कागदावर लिहा. यामागे कारण आहे. पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास आणि बंद होण्यापूर्वीचा शेवटचा तास यांत रांगा सगळ्यांत लहान असतात. साधारण अकरा ते चार या वेळेत त्या सर्वांत लांब होतात. म्हणून ज्या राइडवर घरातल्या कोणाचा जीव जडला आहे, ती सकाळी पहिली घ्यावी. शेवटच्या तासाबद्दल एक उपयुक्त नियम आहे : पार्क बंद होण्याच्या क्षणापर्यंत तुम्ही रांगेत शिरलात, तर सहसा राइड मिळतेच.

अर्ध्या-अर्ध्या तासाचे वेळापत्रक तिथे टिकत नाही, कारण त्याची एक कडी निसटली की पुढच्या सगळ्या निसटतात. राइड बिघाडामुळे थांबतात. जवळपास वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवल्या जातात, आणि फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी हे वारंवार घडते. मूल झोपते, कोणाची सँडल तुटते. अंतरांचा अंदाजही चुकतो. स्वतःची गाडी घेऊन मॅजिक किंगडमला गेलात तर गाडी पार्कच्या दारात लागत नाही. ती तलावाच्या अलीकडे लावून पुढे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जावे लागते, म्हणून गाडी लावल्यापासून आत पोहोचेपर्यंत पाऊण तास धरावा. यात वाया गेले असे मानण्यासारखे काही नाही. बोटीतून किल्ला हळूहळू जवळ येताना दिसतो, आणि आई-बाबांना तो प्रवास फार आवडतो.

चार पार्कचे स्वभाव वेगवेगळे आहेत, त्यामुळे दोन वेळाही त्याप्रमाणे निवडाव्यात. ॲनिमल किंगडममध्ये सकाळची वेळ ‘किलिमांजारो सफारी’ला द्या, कारण प्राणी तेव्हा जास्त हालचाल करतात. हे पार्क इतरांपेक्षा लवकर बंद होते, म्हणून त्या रात्री लवकर झोपता येते. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालने तलावाभोवती आहेत आणि ती बहुधा अकराच्या सुमाराला उघडतात. सकाळ पुढच्या भागात आणि संध्याकाळ तलावाकाठी, हा क्रम आपोआप जुळतो. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मोठ्या राइड जवळजवळ असून रांगा लांब असतात, तिथे सकाळी वेळेवर पोहोचण्याला खरोखर महत्त्व आहे. मॅजिक किंगडमला शक्य असल्यास दोन दिवस द्यावेत. एकच दिवस असेल तर तो सहलीच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे प्रवासाचा थकवा उतरलेला असतो.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. फ्लोरिडाची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते, आणि हिवाळ्यात साडेदहा तास. पहिले काही दिवस पहाटे चारलाच जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. त्याविरुद्ध झगडू नका. त्या दिवसांत सकाळची ठरलेली गोष्ट ठेवा, संध्याकाळची मोकळी सोडा, आणि आतषबाजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्या. कॅलिफोर्नियातून येणाऱ्या कुटुंबाचे नेमके उलटे होते. त्यांना सकाळी उठणे जड जाते आणि रात्र सोपी असते.

४. दुपार राखून ठेवा

नियोजनात सगळ्यांत आधी दुपार भरली जाते आणि प्रत्यक्षात तीच सगळ्यांत आधी कोसळते. शक्य असेल तर दीड-दोनच्या सुमाराला खोलीवर परत जा, आंघोळ करा, मुलांना झोपवा आणि पाचनंतर पुन्हा या. तिकीट त्या दिवसभर चालते, परत आत येण्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

परत जाणे जमत नसेल तर बसून पाहण्याजोग्या, थंड आणि सहसा फार रांग नसलेल्या जागा लक्षात ठेवा. मॅजिक किंगडममधला ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेला खेळ आहे. त्यात प्रेक्षागृहच फिरते आणि एका कुटुंबाच्या घरात वीज व यंत्रे कशी येत गेली ते दिसते. त्याच्या जवळच्या ‘पीपलमूव्हर’मध्ये बसून, काहीही न करता, वाऱ्यावर फिरता येते. एपकॉटमधली ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही बोटीतली फेरी मला विशेष सुचवावीशी वाटते. ती खऱ्या हरितगृहांमधून जाते आणि मातीशिवाय वाढवलेली पिके, टांगलेले वेल आणि मोठमोठी फळे जवळून दाखवते. शेतीशी ज्यांचा संबंध आला आहे असे आजी-आजोबा तिथे पुन्हा फेरी मारायला तयार होतात. नियोजन करणाऱ्या तरुण मंडळींच्या यादीत मात्र ती क्वचितच असते.

५. रांग टाळण्याचे पास : एकदा बसा, ठरवा, सोडून द्या

आता या सोयीचे नाव ‘लाइटनिंग लेन’ आहे. ‘मल्टी पास’मध्ये एका पार्कमधल्या तीन राइडच्या वेळा आधीच निवडता येतात, आणि पहिली वापरून झाली की त्या दिवशी आणखी एक घेता येते. काही मोजक्या राइडसाठी ‘सिंगल पास’ वेगळा विकत घ्यावा लागतो. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी, आणि इतरांना त्या-त्या दिवसाच्या तीन दिवस आधी, पूर्व अमेरिकेच्या वेळेप्रमाणे सकाळी सातला निवड करता येते. किंमत तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलते.

माझा सल्ला असा : पहिल्या टप्प्यात प्रत्येकाची जी एकेक इच्छा लिहिली होती, तिच्यासाठीच पास घ्या. गर्दीच्या दिवसांत मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजसाठी तो घ्यावा; ॲनिमल किंगडममध्ये लवकर पोहोचलात तर बहुधा त्याची गरज पडत नाही. निवड करताना अकरा ते चारच्या मधल्या वेळा घ्या, कारण सकाळच्या लहान रांगांसाठी पैसे देण्यात अर्थ नाही.

पार्कमध्ये गेल्यावर फोन एकाच माणसाच्या हाती असावा, आणि त्यानेही तो दर पाच मिनिटांनी पाहू नये. दहा मिनिटांनी लवकरची वेळ मिळवण्यासाठी सतत फोनचा पडदा ओढत राहणारा बाबा सहलीत असून नसल्यासारखा होतो. मुलांच्या ते लगेच लक्षात येते.

६. जेवण

पार्कमध्ये घरचे खाणे नेता येते, आणि ही सोय आपल्या लोकांनी जरूर वापरावी. काचेची भांडी, मद्य आणि सुटा बर्फ चालत नाही. खाणे गरम करावे लागणार नाही असे असावे. मेथीचे ठेपले, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा, लाडू आणि लिंबाचे लोणचे एवढ्यावर तीन पिढ्यांचा दिवस उत्तम निघतो. जिथे शीतपेये मिळतात अशा काउंटरवर मागितल्यास बर्फाचे पाणी फुकट मिळते, तेव्हा पाण्याच्या बाटल्यांचे ओझे नको. शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे असतात. ॲपवर आधी पाहून, मागणी नोंदवून, रांगेशिवाय घेता येतात. भारतीय चवीचे एक जेवण हवे असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमधले ‘सना’ हे उपाहारगृह पाहा. तिथे नान आणि चटण्यांचे ताट मिळते, आणि खिडकीबाहेर जिराफ व झेब्रे चरत असतात. ते पार्कच्या बाहेर आहे, म्हणून विश्रांतीच्या दिवशी तिथे जाणे सोयीचे.

चार दिवसांचे पार्कचे तिकीट असेल तर मध्ये एक दिवस असा मोकळा ठेवाच. त्या दिवशी हॉटेलचा तलाव, कपडे धुणे आणि दुपारची झोप. ‘एवढ्या लांब येऊन झोपायचे का?’ असा प्रश्न घरातून येईल. चौथ्या दिवशी सगळे हसत चालताना दिसले की त्याचे उत्तर मिळते. ऑर्लँडोतच युनिव्हर्सलची उद्याने आहेत, त्यातले ‘एपिक युनिव्हर्स’ मे २०२५ मध्ये उघडले. ते त्या मोकळ्या दिवशी बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ती वेगळी सहल समजा.

७. बरोबर काय हवे

कागदपत्रे :
- भारतातून येणाऱ्यांसाठी पासपोर्ट, पर्यटक व्हिसा, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण. पार्कमध्ये मूळ पासपोर्ट घेऊन फिरू नका. छायाप्रत आणि फोनमधला फोटो ठेवा.
- ज्येष्ठांचा वैद्यकीय प्रवास विमा, त्याचा फोन क्रमांक, आणि रोजच्या औषधांची यादी त्यांच्या मूळ (जेनेरिक) नावांसह.
- तिकिटे अधिकृत ॲपमध्ये सर्वांच्या नावे जोडलेली. तिकीट एकाचे दुसऱ्याला चालत नाही, प्रवेशद्वारावर बोटाचा ठसा घेतला जातो.

सामान :
- पायात रुळलेले बूट. सहलीसाठी नवे बूट घेणार असाल तर महिनाभर आधी घ्या.
- प्रत्येकासाठी पातळ रेनकोट. तो पार्कमध्ये बराच महाग पडतो.
- फोनची पॉवर बँक, टोपी, सनस्क्रीन, मोज्यांचा जादा जोड.
- बाबागाडी नेणार असाल तर तिची रुंदी ७९ सेंटिमीटरहून आणि लांबी १३२ सेंटिमीटरहून अधिक नसावी. सेल्फी स्टिक पार्कमध्ये चालत नाही.

लहान मुलाच्या खिशात किंवा मनगटावर तुमचा फोन क्रमांक लिहून ठेवा. आजी-आजोबांकडेही तो कागदावर असू द्या. परदेशी फोनमध्ये नेमक्या वेळी सिग्नल नसणे हा नेहमीचा अनुभव आहे. प्रत्येक पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र आणि बाळांसाठी स्वतंत्र खोली असते. आत शिरल्यावर ती कुठे आहेत ते एकदा पाहून ठेवा.

८. ठरलेले मोडले तर काय सोडायचे

ठरलेली राइड बंद पडली, पाऊस आला किंवा कोणाला बरे वाटेनासे झाले, तर उभ्या-उभ्या नवी योजना करू नका. आधी सगळे कुठेतरी बसा आणि पाणी प्या. मग सोडायचा क्रम ठरलेला असू द्या : प्रथम खरेदी सोडा, मग कार्टून पात्रांबरोबरचे फोटो, मग ज्या राइडचे नाव घरातल्या कोणाच्याच यादीत नव्हते त्या. प्रत्येकाची एकेक इच्छा सगळ्यांत शेवटी सोडायची, आणि ती सोडण्याआधी ज्याची इच्छा आहे त्याला विचारायचे. विजांमुळे बंद झालेल्या राइड पाऊस थांबल्यावर पुन्हा सुरू होतात आणि तोपर्यंत गर्दीही पांगलेली असते. म्हणून तासभर एखाद्या बंदिस्त खेळात बसून थांबणे हे खोलीवर परत जाण्यापेक्षा बहुधा फायद्याचे ठरते. गट मोठा असेल तर दोन तासांसाठी वेगळे व्हा : वेगवान राइडवाले एकीकडे, बसून पाहणारे दुसरीकडे, आणि भेटण्याची जागा म्हणून एखादे ठळक उपाहारगृह ठरवा. सगळ्यांनी सगळे बरोबरच करायला हवे, हा हट्ट मोठ्या कुटुंबांचा दिवस बिघडवतो.

परतीच्या विमानाच्या दिवशी पार्कचे तिकीट धरू नका. त्या दिवशी सामान आवरायचे असते, मुलांना पुन्हा एकदा तलावात उतरायचे असते, आणि ऑर्लँडोच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीला सुट्टीच्या दिवसांत बराच वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर किमान तीन तास आधी पोहोचा.